वाचलेला उतारा पुन्हा सापडत नाही, तेव्हा शोध कुठून सुरू करावा

"ह्यां मी वाचलंय, पण खंय तां गावना नाय."

मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका छोट्या वाचनालयात मी बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे. हे वाक्य कानावर पडलं नाही असा महिना मला आठवत नाही. बोलणारे कधी निवृत्त मास्तर असतात, कधी भजनी बुवा, कधी एम.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली मुलगी. त्रास मात्र सगळ्यांचा एकच. उतारा डोळ्यांसमोर असतो, त्यातलं म्हणणं घडाघडा सांगता येतं, पुस्तकही ठाऊक असतं, निदान तसं वाटतं. आणि तेच पुस्तक तीनदा चाळूनही ते पान काही येत नाही. मग कुणी स्वतःच्या वयाला दोष देतं, कुणी म्हणतं की प्रतीतलं पानच गेलंय.

वयाचा संबंध थोडा, गेलेल्या पानाचा त्याहून थोडा. माझ्यासमोर जे शोध लागले, त्यांतले बहुतेक एकाच कारणाने अडलेले होते. माणूस आठवणीतले शब्द खरे धरून निघतो, आणि तेच शब्द त्या आठवणीतला सगळ्यात कच्चा भाग असतात.

म्हणून पहिली गोष्ट करायची ती ही, की पुस्तक मिटायचं. अजून चाळायचं नाही. चाळायला लागलं की दिसेल त्या पानाला आठवण जुळवून घेते, आणि अर्ध्या तासाने मूळ आठवण कोणती आणि आत्ता पाहिलेलं कोणतं हे सांगता येत नाही. एक कागद घ्या. उतारा कशाबद्दल होता ते एका ओळीत लिहा. मग कागदाच्या मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला आठवणारे शब्द लिहा. उजव्या बाजूला शब्द सोडून बाकी सगळं लिहा: पान डावं की उजवं, मजकूर वर की खाली, ओळी लांब की आखूड, कागद पिवळा की गुळगुळीत, जवळ चित्र होतं का, पुस्तकाला खाकी कव्हर होतं का, वाचताना तुम्ही कुठे बसला होता, दिवस पावसाचे की उन्हाळ्याचे, पुस्तक कुणाच्या हातून आलं होतं.

लोकांना ही दुसरी बाजू फालतू वाटते. मला तीच मोलाची वाटते.

शब्द कच्चे, जागा पक्की

१९६७ साली जॅकलीन सॅक्स या अमेरिकी संशोधिकेने एक साधा प्रयोग केला. लोकांना एक उतारा ऐकवायचा, मध्येच थांबवायचं, आणि आधी येऊन गेलेलं एखादं वाक्य पुन्हा समोर ठेवून विचारायचं, हे जसंच्या तसं होतं की बदललंय? वाक्य नुकतंच कानावरून गेलेलं असलं तर लोक शब्दांतला बदल ओळखत. पण मध्ये जेमतेम ऐंशी अक्षरांएवढा मजकूर गेला की शब्दांची फिरवाफिरव त्यांच्या लक्षात येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र ते लगेच ओळखत. ऐंशी अक्षरं म्हणजे अर्ध्या मिनिटाचंही बोलणं नाही. मन अर्थ ठेवून घेतं आणि शब्द सोडून देतं. पुढे कधी आठवण काढली की त्या अर्थाला ते स्वतःच्या बोलीतले शब्द चढवतं, आणि हे शब्द आपले आहेत याचा आपल्याला पत्ताही नसतो.

जागेचं उलट आहे. १९७१ साली अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी लोकांना काही पानांचा मजकूर वाचायला दिला आणि नंतर विचारलं, ही माहिती पानाच्या कुठल्या भागात होती? जागा लक्षात ठेवा असं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तरी नुसत्या अंदाजाने जितकी उत्तरं बरोबर यावीत त्याहून जास्त आली. "डाव्या पानावर, वरच्या अंगाला होतं" असं कुणी म्हणालं की मी ते गंभीरपणे घेते ते यामुळे. ही आठवण अचूक असतेच असं नाही, पण ती सजवलेली नसते. डाव्या पानाचं उजवं करून कुणाच्या मनाला काही मिळत नाही.

पडावाचा उतारा

हे मी स्वतः भोगून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहा-अकरा वर्षांची असताना मी एक वर्णन वाचलं होतं. मुंबईहून येणारी बोट किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात उभी आहे. त्या काळी आपल्या बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, उतारूंना पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून काठ गाठावा लागे. पहाटेचा अंधार, समुद्राला हेलकावा, पडाव बोटीच्या अंगाला लागून वर-खाली होतोय. एक बाई मूल कडेवर घेऊन शिडीवर उभी आहे. खालचा खलाशी हात वर करून थांबलाय. घाई करत नाही. लाट पडावाला वर उचलते त्या एका क्षणाला तो मूल अलगद घेतो आणि पडाव खाली जातो. आईचे हात तसेच पसरलेले राहतात.

माझी आजी या बोटीने ये-जा करायची. तिच्या तोंडून पडावाच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की ते वर्णन मनात रुतून बसलं. मोठेपणी ते पुन्हा वाचावंसं वाटलं. कादंबरीतलं आहे अशी खात्री होती, कोणती कादंबरी हेही माहीत होतं. ती वाचली, नाही सापडलं. त्याच लेखकाच्या बाकीच्या कादंबऱ्या वाचल्या. मग कोकणच्या पार्श्वभूमीवरच्या इतर लेखकांच्या. मला एक वाक्य लख्ख आठवत होतं. खलाशी म्हणतो, "वहिनी, पोर माझ्याकडे द्या, लाट येतेय." हे वाक्य मी पानोपानी शोधत होते. अशी नऊ वर्षं गेली.

एकदा वाचनालयात एक आजोबा असाच हरवलेला उतारा घेऊन आले. त्यांना मी कागद दिला, मध्ये रेघ मारून दिली, आणि ते लिहीत असताना समोर बसून स्वतःचाही कागद भरला. उजव्या रकान्यात मी लिहिलं: डावं पान, मजकूर वर, शेजारच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात, लांब केसांची बाई.

लिहिलं आणि हात थांबला. कादंबरीत तेलाची जाहिरात कुठून येणार?

ती जाहिरात मला नऊ वर्षं आठवत होती. कादंबरीची खात्री एवढी होती की मी तिला दुसऱ्या कशातली म्हणून बाजूला ठेवत आले होते. जाहिरात म्हणजे मासिक किंवा दिवाळी अंक. कागद पुन्हा पाहिला तर ओळी आखूड असल्याचंही मी लिहिलं होतं, म्हणजे पानावर दोन रकाने. मग आठवलं की लहानपणी माझं स्वतःचं सभासदत्व नव्हतं, आईच्या नावावर पुस्तकं यायची. आईचं जुनं कार्ड वाचनालयाच्या दप्तरात होतं. त्या दोन वर्षांत तिने नेलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक त्यावर होते, आणि त्यांत दिवाळी अंकांचे बांधीव खंड तीन. दुसऱ्या खंडात उतारा मिळाला. आठवणींचा लेख होता, कादंबरी नव्हे. डावं पान, मजकूर वर, समोर तेलाची जाहिरात.

आणि खलाशाच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. लेखकाने तो प्रसंग पूर्ण मुका लिहिला होता. "वहिनी, पोर माझ्याकडे द्या" हे बहुधा माझ्या आजीचं होतं, तिच्या गोष्टींतलं. मी शोधत होते ते वाक्य छापलंच गेलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी कागदाची उजवी बाजू, तिच्यावरून छपाईचा प्रकार ओळखायचा, आणि मग पुस्तकाचं नाव. तुमच्या वाचनालयात जुनी कार्डं किंवा देवघेवीच्या वह्या ठेवलेल्या असतील तर स्वतःचं कार्ड मागून घ्या. ही कार्डं कुणी मागत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती रद्दीत जातात.

याच जातीच्या आणखी दोन गफलती वारंवार दिसतात. एक, उतारा मूळ पुस्तकात वाचलेलाच नसतो. कुणाच्या तरी प्रस्तावनेत किंवा समीक्षेच्या लेखात तो अवतरण म्हणून आलेला असतो, आणि आपण मूळ पुस्तक उलटंपालटं करत बसतो. अवतरणाची आठवण ओळखायची खूण अशी की आपल्याला उतारा आठवतो, पण त्याच्या मागचं-पुढचं काही आठवत नाही. दुसरी गफलत शाळेच्या पुस्तकाची. बालभारतीची स्थापना १९६७ ची. तेव्हापासून किती पिढ्यांनी साहित्याची पहिली चव त्या पुस्तकांतून घेतली. पण धडा करताना मूळ लेखन कापून, जोडून, कधी नवं शीर्षक देऊन घेतलेलं असतं. धड्याचं नाव घेऊन लेखकाच्या संग्रहात शिरलात तर अनुक्रमणिकेत काही मिळणार नाही. पाठाच्या सुरुवातीला किंवा शेवटी बारीक टायपात मूळ पुस्तकाचं नाव असतं, तिथून निघा.

अभंग आणि ओवी

सिंधुदुर्गात डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्यांचा, हंगाम आला की आमच्याकडे बुवा मंडळींची वर्दळ वाढते. समोरच्या बुवाला उत्तर द्यायचं तर अभंग नेमका हवा आणि कुणाचा तेही नेमकं हवं. इथला अडथळा वेगळा आहे. गाथेच्या मागची सूची अकारविल्हे असते, पण ती अभंगाच्या पहिल्या चरणाची. आपल्या कानात मात्र कधी मधला चरण बसलेला असतो, कधी शेवटचा. गाणारे ध्रुपद धरून आळवतात, त्यामुळे पुष्कळदा ध्रुपदच अभंगाची सुरुवात वाटतं.

एका बुवांना "आपुलाचि वाद आपणासी" हवं होतं. ते ‘आ’ खाली शोधून दमले. तो चरण "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें" या अभंगाचा शेवट आहे, सूचीत तो ‘व’ खाली आहे. हा अभंग तर सगळ्यांच्या ओठांवरचा. कमी गायल्या जाणाऱ्या अभंगाचं काय होत असेल याची कल्पना करा. अशा वेळी आठवणारा चरण जाणत्या दोघा-तिघांसमोर चालीत म्हणून बघावा. वाचून अडलेली ओळ चालीत घातली की मागची ओळ आपोआप येते, हे मी कितीदा पाहिलंय. तालुक्यात एखादे वयस्क बुवा असतात, ज्यांना पहिला चरण सांगायला क्षणही लागत नाही.

मुद्रेची, म्हणजे अभंगात येणाऱ्या कवीच्या नावाचीही खात्री करा. "तुका म्हणे" असं आठवतंय, पण छापलेलं "एका जनार्दनी" किंवा "नामा म्हणे" असू शकतं. तुकोबांच्या गाथेत "तुकयाबंधु म्हणे" अशा मुद्रेचेही अभंग आहेत. आणि गाथेतला अभंग-क्रमांक एका आवृत्तीचा दुसऱ्या आवृत्तीला लागू पडत नाही, तेव्हा नुसता आकडा लिहून ठेवलेली जुनी चिठ्ठी पुरत नाही. आवृत्तीचं नाव नसेल तर तो आकडा मुका आहे.

ज्ञानेश्वरीचं तसंच. ओव्या नऊ हजारांच्या आसपास, पण प्रत्येक संपादकाचा पाठ थोडा वेगळा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली पाठ शुद्ध केला. पुढे वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून वेगळा पाठ छापला. एका आवृत्तीतली ओवी दुसरीत दोन-चार क्रमांक पुढे-मागे जाते, शब्दांची रूपंही बदलतात. इथे एक पक्की मेख आहे ती गीतेच्या श्लोकाची. ओवी कोणत्या श्लोकाखाली आली ते टिपून ठेवलंत तर कुठल्याही आवृत्तीत पाच मिनिटांत पोचता. फक्त तेराव्या अध्यायात सांभाळा. काही प्रती सुरुवातीला अर्जुनाच्या प्रश्नाचा एक जादा श्लोक धरतात, त्यामुळे त्या अध्यायात सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि गीतेचे श्लोक सातशेच्या जागी सातशे एक होतात.

मोबाइलवर शोधताना

आता मुलं पहिल्यांदा मोबाइलच काढतात, आणि बरोबरच करतात. जुनी पुस्तकं जाळ्यावर मोठ्या संख्येने आली आहेत. पण "नाही सापडलं" असं उत्तर आलं म्हणजे तिथे नाहीच, असं धरू नका.

पहिलं कारण लेखनाचं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लागू झाले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत: केलें, नाहीं, त्यामुळें, घरांत. ‘कवि’, ‘बुद्धि’ ऱ्हस्व आहेत. त्याहून जुन्या पुस्तकात ‘म्हणून’ च्या जागी ‘ह्मणून’ दिसेल. तुम्ही आजच्या लेखनाने शोधलंत तर यंत्राला ही रूपं वेगळी वाटतात. म्हणून लांब वाक्य टाकू नका. ज्या शब्दाला ना अनुस्वाराची भानगड ना शेवटच्या वेलांटीची, असे दोन दुर्मीळ शब्द निवडा: पडाव, शीड, गावाचं नाव, माणसाचं आडनाव. क्रियापदं आणि सर्वनामं टाळा. तीच काळाबरोबर सगळ्यात जास्त बदलली.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकलेला असू शकतो. पडद्यावर फरक नाही, यंत्राच्या हिशेबी ते वेगवेगळे शब्द. ‘ॲ’ या अक्षराचंही तेच. असे शब्द शोधात घेऊच नयेत.

तिसरं, पीडीएफ. पुष्कळ पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात, त्यांत शोधायला अक्षरंच नाहीत. काही युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत रोमन लिपीतली भलतीच अक्षरं असतात. एक चाचणी करून बघा: त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडे चिकटवा. काहीच चिकटलं नाही किंवा भलतंच चिकटलं, तर त्या फाइलीत शोध चालणार नाही, पानं डोळ्यांनीच बघावी लागतील. तेव्हा उजव्या रकान्यातली "डावं पान, वर" ही नोंद निम्मं काम वाचवते. मी अशी फाइल बघताना एकेका पानावर फक्त तेवढा एक कोपरा पाहत जाते.

पुस्तक कोणतं असू शकेल इथपासूनच अंधार असेल, तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा. १८०० ते १९३७ मधली पुस्तकं एका खंडात आणि १९३८ ते १९५० मधली पुढच्या खंडात विषयवार दिली आहेत. "त्या विषयावर त्या काळात मराठीत एवढीच पुस्तकं होती" हे कळणं हा मोठा आधार असतो. शोध अथांग राहत नाही.

ती प्रतच गेली असेल तर

आपल्या किनाऱ्यावर हे होतं. दमट हवा, वाळवी, कसर, आणि कधी पूरच. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या आणि नंतर २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या ग्रंथांवर पाणी फिरलं. त्या बातम्या वाचताना मला नुसती पुस्तकं दिसत नव्हती, त्या पानांवर कुणाकुणाच्या आठवणी टेकलेल्या असतील ते दिसत होतं.

प्रत गेली तरी शोध संपत नाही. पण दुसरी प्रत मिळवताना आवृत्ती तीच मिळवा. नव्या छपाईत आकार बदलतो, पान बदलतं, डाव्याचं उजवं होतं आणि तुमची जागेची आठवण निरुपयोगी ठरते. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत परिच्छेद काढून टाकल्याचंही मी दोनदा पाहिलं आहे. जुन्या आवृत्त्यांसाठी रत्नागिरीचं नगर वाचनालय (१८२८) आणि सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर (१८५२) ही आपल्या हाताशी असलेली ठिकाणं आहेत. जाण्याआधी विषय, अंदाजे वर्ष आणि छपाईचा प्रकार लिहून पत्र पाठवा. ग्रंथपालाला दोन दिवस मिळाले तर तो खूप काही काढून ठेवू शकतो. आयत्या वेळी दारात उभं राहिलं की त्याचा नाइलाज होतो.

फेरबांधणीकडेही लक्ष असू द्या. जुनी पुस्तकं बांधायला जातात तेव्हा मूळ कव्हर जातं, कधी दोन पातळ पुस्तकं एका पुठ्ठ्यात येतात आणि पाठीवर नाव पहिल्याचंच राहतं. तुम्हाला आठवणारं पुस्तक दुसऱ्याच्या पोटात असू शकतं.

पुन्हा हरवू नये म्हणून

एक वही करा. तिला मी बाड म्हणते, आपल्याकडच्या मठांतून हस्तलिखितांना म्हणतात तसं. उतारा आवडला त्याच वेळी, पुस्तक हातातून खाली ठेवण्याआधी, इतकं लिहायचं: लेखक, पुस्तक, आवृत्तीचं वर्ष, प्रकरण, पान, डावं की उजवं, आणि प्रत कुणाची. मग उताऱ्यातले सलग चार-पाच शब्द जसेच्या तसे, जुना अनुस्वार असेल तर अनुस्वारासकट. अवतरणचिन्हं फक्त या शब्दांना. त्याखाली तुम्हाला काय वाटलं ते अवतरणचिन्हांशिवाय. ही शिस्त मोडली की वर्षाने आपलंच वाक्य लेखकाच्या नावावर जमा होतं. वहीच्या शेवटची काही पानं राखून तिथे एकेका शब्दाखाली नोंदींचे क्रमांक टाका: पडाव १२, ४०, कौलं ७. शंभर नोंदींनंतर त्या पानांशिवाय वही उघडायला नको वाटेल.

पेन्सिलीनेच लिहा. शाईपेनाची शाई आपल्या पावसाळ्यात ओल्या हाताने, गळत्या कौलाने पसरते. पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्यात विरघळत नाही. चिकट रंगीत चिठ्ठ्या मला अजिबात आवडत नाहीत. दमटपणात काही गळून पडतात, काही पानाला कायमच्या चिकटतात. वाचनालयाच्या पुस्तकात काहीच लिहू नका, साध्या कागदाची पातळ पट्टी ठेवा आणि परत करताना ती काढून वहीत नोंद करा.

मोबाइलने फोटो काढत असाल तर एक सवय लावून घ्या. आधी पुस्तकाचं नाव असलेल्या पानाचा फोटो, मग उताऱ्याच्या पूर्ण पानाचा, पानाच्या आकड्यासकट. लोक नेमका आवडलेला परिच्छेद तेवढा कापून ठेवतात. माझ्याकडे असे अनाथ फोटो घेऊन येणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे, आणि त्यांतल्या निम्म्यांना मी काही सांगू शकत नाही.

शोध चालू असेल तर त्याच वहीत एक पान ‘बाद’ यादीला द्या. कोणतं पुस्तक, कोणती आवृत्ती, पूर्ण पाहिली की अर्धी, कधी पाहिली. नाहीतर दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा चाळलं जातं. मी ज्या नऊ वर्षांचं सांगितलं त्यांत एक कादंबरी मी चार वेळा वाचली होती.

त्या दिवशी माझ्यासमोर बसून कागद भरणाऱ्या आजोबांचा उतारा अजून मिळालेला नाही. पाऊस यायच्या आधी बाप-लेक घराची कौलं परतताहेत आणि एका कौलाखाली घडी केलेलं पत्र सापडतं, एवढा तो प्रसंग. त्यांच्या ‘बाद’ यादीत चौदा पुस्तकं झाली. उजव्या रकान्यात आहे: उजवं पान, तळाशी, खाकी कव्हर, कापराचा वास. परवा मी विचारलं, कापराचा वास कुठल्या घरात यायचा? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या गिरगावच्या खोलीत. भाऊ पुस्तकांत कापूर ठेवायचा." म्हणजे पुस्तक आमच्या वाचनालयातलं नाहीच, त्यांच्या भावाचं. भाऊ आता नाहीत. वहिनींना फोन केला. पुस्तकांची पेटी त्यांनी जपून ठेवली आहे. गणपतीला गावी येताना आतल्या पुस्तकांची नावं लिहून आणते म्हणाल्यात.